पावणेदोन तोळ्यांचा तोल

मोटारीच्या चाकाकडे आपण बहुधा ते पंक्चर झाल्यावरच बघतो. पुढच्या वेळी बघाल तेव्हा रिमच्या कडेवर लक्ष द्या. बोटाच्या पेराएवढा, करड्या रंगाचा एक तुकडा तिथे चिमटीने अडकवलेला दिसेल. अलॉय व्हील असेल तर तो आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला असतो. त्यावर आकडा असतो: 5, 10, 15, 20. हे ग्रॅम. वीस ग्रॅम म्हणजे जुन्या मापात पावणेदोन तोळ्यांना किंचित कमी. हजार किलोच्या गाडीला वीस ग्रॅमची काय पर्वा, असं वाटणं साहजिक आहे. पण गाडी ऐंशीच्या पुढे गेली की स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि हा तुकडा लावला की थांबतं. तो कुठे लावायचा आणि किती वजनाचा, हे सांगणारं यंत्र म्हणजे व्हील बॅलन्सिंग मशीन. आज तालुक्याच्या गावातच नव्हे, महामार्गालगतच्या खेड्यातही ते असतं.

मी ज्या यंत्राबद्दल लिहितोय ते अणदूरच्या बाजूला, महामार्गालगतच्या एका गॅरेजात आहे. सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की नळदुर्गच्या अलीकडे अणदूर लागतं. तुळजापूर तालुक्यातलं हे गाव खंडोबाचं म्हणून ओळखलं जातं. देव एकच, गावं दोन. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. मग पालखी निघते, मानकरी करार करतात आणि देव मुक्काम बदलतो. वाटणी सारखी नाही, पण बेरीज बारा महिन्यांची होते आणि दोन्ही गावं ती मानतात. चाकाचा तोलही असाच असतो, हे मला पुढे त्या गॅरेजात कळलं. चाकाचे दोन अर्धे भाग हुबेहूब सारखे कधीच नसतात. ते सारखे करायचे नसतात, फक्त हिशेब जुळवायचा असतो.

बैलगाडीला हे का लागलं नाही

चाक हजारो वर्षांचं आणि त्याचा तोल साधणारं यंत्र जेमतेम शतकभराचं. मधल्या काळात कुणाला अडचण कशी आली नाही? उत्तर वेगात आहे.

चौदा इंची रिमच्या कडेला वीस ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. गाडी ताशी 100 किलोमीटरने धावत असेल तर ते चाक सेकंदाला साधारण पंधरा फेरे घेतं. त्या वीस ग्रॅममुळे चाकावर बसणारा ओढा तेव्हा सव्वातीन किलोंच्या आसपास जातो. म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा कुणीतरी सव्वातीन किलोचा हिसका देतंय, कधी वर, कधी खाली, कधी पुढे, कधी मागे. वेग निम्मा केला तर हिसका निम्मा होत नाही, चौथाई होतो. पन्नासला तो पाऊण किलोच्या जरा वर येतो. आणि तेच चाक बैलगाडीच्या चालीने, ताशी चार किलोमीटरने चालवलं तर हिसका पाच ग्रॅमवर येतो. एवढा बैलालाही जाणवत नाही, गाडीवानालाही नाही.

म्हणून गावच्या सुताराने तुंबा, आरे आणि पाटे जोडले, लोहाराने लोखंडी धाव तापवून चढवली आणि त्यावर पाणी ओतलं, की चाक तयार. ते गोल आणि घट्ट असलं म्हणजे झालं. हे कौशल्य कमी प्रतीचं नव्हतं. त्या वेगाला एवढंच पुरेसं होतं.

आधी रेल्वे, मग कारखाने

हा प्रश्न पहिल्यांदा अंगावर आला तो रेल्वेच्या. मुंबई-ठाणे गाडी 1853 मध्ये धावली आणि 1860 मध्ये रूळ सोलापुरापर्यंत पोचले. जुन्या वाफेच्या इंजिनाचं छायाचित्र मोबाइलवर मोठं करून बघा. मोठ्या चाकाच्या एका बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचा लोखंडी भरीव भाग दिसेल. तो शोभेचा नाही. चाक फिरवणारे जड दांडे एका बाजूला ओढतात, त्यांना उत्तर म्हणून समोरच्या बाजूला ते वजन असतं. पण दांड्यांची हालचाल मागे-पुढे आणि चाकाची गोल, त्यामुळे हिशेब पुरता जुळत नसे. समोरचं वजन वाढवलं तर चाक प्रत्येक फेऱ्याला रुळावर घाव घालू लागे. इंग्रज अभियंते त्याला हातोड्याचा घावच म्हणत. वजन किती लावायचं यावर त्यांचे वाद पुढे अनेक वर्षं चालले.

कारखान्यांतली यंत्रं जसजशी वेगाने फिरू लागली तसतसा हा प्रश्न रुळावरून छपराखाली आला. 1870 मध्ये कॅनडात हेन्री मार्टिन्सनने फिरत्या भागाचा तोल तपासणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पण रीत खऱ्या अर्थाने बदलली ती जर्मनीत. 1907 च्या सुमारास फ्रान्झ लावाचेक या अभियंत्याने नवी रचना सुचवली आणि डार्मस्टाटच्या कार्ल शेंक कंपनीने ती यंत्रात उतरवली. ते यंत्र मोटारीसाठी नव्हतं, टर्बाइन आणि विजेच्या मोटरींसाठी होतं. त्यामागचा विचार मात्र अणदूरच्या गॅरेजात आज जसाच्या तसा आहे: वस्तू फिरवा, ती कुठे थरथरते ते मोजा आणि त्यावरून जड जागा शोधा.

फिरवायचं कशासाठी? सायकलचं चाक उलटं करून सोडलं की जड बाजू खाली येऊन थांबते. ते बघून वरच्या बाजूला वजन लावता येत नाही का? येतं, आणि याला स्थिर तोल म्हणतात. पण मोटारीच्या चाकाला रुंदी असते. बाहेरच्या कडेला एका जागी थोडं वजन जास्त असेल आणि आतल्या कडेला बरोबर समोरच्या जागी तेवढंच जास्त असेल, तर उभं चाक अगदी शहाण्यासारखं वागतं, कुठेही थांबतं. फिरायला लागलं की मात्र ते डाव्या-उजव्या बाजूला डुलू लागतं. हा दोष थांबलेल्या चाकात दिसतच नाही, त्यासाठी चाक फिरवावंच लागतं. म्हणून आजचं यंत्र दोन आकडे दाखवतं, एक आतल्या कडेचा आणि एक बाहेरच्या.

मोटारीला याची जाणीव झाली 1920 च्या दशकात. तोवरचे टायर अरुंद आणि टणक होते. मग मऊ, फुगीर बलून टायर आले. गाडीत बसणं सुखाचं झालं, पण एका ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरू लागली. अमेरिकेत त्याला शिमी हे नाव पडलं. ते त्या काळच्या एका अंग हलवण्याच्या नाचाचं नाव होतं. आपल्या गॅरेजात ‘स्टेअरिंग मारतंय’ असं म्हणतात, त्याचीच ही आजी.

अणदूरवरून गेलेली चाकं

त्याच काळात अणदूरच्या रस्त्यावर काय चाललं होतं? हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. निजामाच्या रेल्वे खात्याने जून 1932 मध्ये 27 बसगाड्यांनी सरकारी बससेवा सुरू केली. देशातल्या पहिल्या सरकारी बससेवांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. मुंबई राज्याची पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली ती त्यानंतर सोळा वर्षांनी, 1 जून 1948 ला.

त्याच वर्षी या रस्त्यावरून वेगळी चाकं गेली. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरहून हैदराबादच्या दिशेने निघालं. पहिली चकमक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी शाबूत हाती येणं महत्त्वाचं होतं आणि तो आला. त्याच दुपारी पुढची तुकडी उमरग्यापर्यंत पोचली होती. 17 सप्टेंबरला निजामाने हार मानली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. शाळेत आपण सन आणि नावं शिकतो. पण या मोहिमेचा वेग रस्त्यावर, पुलावर आणि ट्रकच्या चाकांवरही ठरला होता, हे नळदुर्गच्या पुलावर उभं राहिलं की समजतं.

पुढे हा राष्ट्रीय महामार्ग 9 झाला आणि 2010 च्या नव्या क्रमवारीत 65. ट्रकच्या चाकांना तोल वगैरे कुणी विचारत नव्हतं, वेगच तेवढा नव्हता. टॅक्सी आणि जीपवाल्यांनाही धडधड सवयीची होती. रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे थरथर चाकाची की रस्त्याची, हे कळायला मार्ग नव्हता.

चित्र पालटलं ते तीन गोष्टींनी. 1977 मध्ये जेके टायरने भारतात रेडियल टायर आणला. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली, हलकी आणि बारा इंची चाकांची. हलक्या गाडीत बारीक थरथरही हाताला लगेच कळते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे रस्ता. चौपदरीकरण झालं आणि गाड्या पळू लागल्या. 2018 च्या अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी 100 केली. वेग दुप्पट, हिसका चौपट: कागदावरचं गणित अणदूरच्या फाट्यावर गिऱ्हाईक होऊन उभं राहिलं.

खडूची खूण आणि चकाकणारा दिवा

आजच्या यंत्राच्या आधी दोन पिढ्या होऊन गेल्या. पहिली बुडबुड्याची. गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा बुडबुडा मध्यभागी असलेली थाळी. तिच्यावर चाक आडवं ठेवायचं, बुडबुडा ज्या बाजूला सरकेल तिकडे वजन मांडायचं आणि तो मधोमध आला की ठोकायचं. वीज लागत नाही, काही फिरत नाही, म्हणून धोकाही नाही. पण डुलण्याचा दोष या थाळीला दिसत नाही.

दुसरी पिढी दिव्याची. 1931 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत हॅरल्ड एजर्टनने क्षणभर चमकून विझणारा विजेचा दिवा, म्हणजे स्ट्रोब, घडवला. चाकाच्या वेगाशी जुळवून तो चमकवला की गरगर फिरणारं चाक उभं असल्यासारखं दिसतं. गॅरेजात ही युक्ती अशी वापरली जाई: गाडी जॅकवर, चाक गाडीलाच बसवलेलं, टायरवर खडूची खूण आणि खाली थरथर टिपणारा काटा. एका मोटरच्या रोलरने चाक जोरात फिरवायचं. थरथरीच्या प्रत्येक ठोक्याला दिवा चमकतो आणि खडूची खूण हवेत थांबल्यासारखी दिसते. ती घड्याळातल्या किती वाजण्याच्या जागी दिसते, त्यावरून जड बाजू ठरवायची.

दिसायला ही जादू होती आणि माणसाला फसवण्याची ताकदही तिच्यात होती. डोळा सांगतो चाक थांबलंय, प्रत्यक्षात ते महामार्गाच्या वेगाने फिरत असतं. त्यात ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती इंजिनाने फिरवताना आणखी एक अडचण असते. एक चाक जमिनीवर अडलेलं असेल तर डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक वेगकाट्यावर दिसतो त्याच्या दुप्पट वेगाने फिरतं. काटा 60 दाखवतो आणि चाक 120 ने फिरतं. जॅक घसरला तर ती गाडी कुठे जाईल याचा नेम नाही.

1971 मध्ये मायक्रोप्रोसेसर बाजारात आला आणि त्याच दशकात संगणकी बॅलन्सर तयार झाले. चाक गाडीवरून काढून यंत्राच्या दांड्यावर बसवायचं. दांड्याच्या आधाराला दोन संवेदक, दाब पडला की त्यातून बारीक वीज निघते. चाक कुठे वळलंय हे सांगणारी एक खाचांची चकती. उरलेला हिशेब प्रोसेसर करतो. ताशी शंभरच्या वेगाची गरज उरली नाही. मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे पुरे झाले, म्हणजे टायरच्या कडेला ताशी बावीस किलोमीटर. पुढे भारतातही ही यंत्रं बनू लागली. पुद्दुचेरीच्या मॅनाटेकचं नाव गॅरेजवाल्यांना माहीत असतं. या सगळ्यात सुरक्षिततेच्या बाजूने झालेली सर्वांत मोठी सुधारणा माझ्या मते अचूकतेची नाही. माणूस आणि फिरतं चाक यांच्यामध्ये एक झाकण आलं, ती आहे.

झाकण

हे झाकण म्हणजे चाकावर अर्धगोल पडणारं प्लॅस्टिकचं आवरण. ते खाली पडल्याशिवाय मोटर सुरू होऊ नये म्हणून त्याला स्विच असतो. अनेक ठिकाणी त्या स्विचला तार बांधलेली किंवा चिकटपट्टी लावलेली दिसते. झाकण वर ठेवून काम करता यावं म्हणून. विचारलं तर उत्तर ठरलेलं: टाइम जातो. झाकण पाडायला आणि उचलायला चार-पाच सेकंद लागतात.

मी ज्या मिस्त्रींशी बोललो त्यांच्या यंत्राचं झाकण शाबूत आहे. हाताखालची मुलं त्यांना उस्ताद म्हणतात, मी मामा म्हणतो. मामांनी मला टायरच्या खाचेतून काढलेले खडे दाखवले. एका डब्यात ते साठवून ठेवलेत, खडी, काच, एक वाकडा खिळा. म्हणाले, “ह्यो खडा टायरात हाय तवर गरीब. फिरायला लागला की गोफणीतला.” बावीस किलोमीटरचा वेग रस्त्यावर काहीच नाही, पण डोळ्यापासून दोन फुटांवर त्या वेगाने सुटलेला खडा काय करतो, हे समजायला गणित लागत नाही.

मामांच्या कामाचा क्रम मी लिहून घेतला. चाक आलं की आधी चिखल आणि खडे काढायचे, जुनी वजनं उपटायची आणि हवा बरोबर करायची. मग टायर हाताने चाचपायचा. कुठे फुगवटा असेल, आतली तार दिसत असेल तर काम तिथेच थांबतं. असा टायर यंत्रावर शून्य दाखवू शकतो आणि पुढच्या पन्नास किलोमीटरमध्ये फुटूही शकतो. तोल चांगला म्हणजे टायर चांगला, असं नाही. गिऱ्हाइकाला हे ऐकायला आवडत नाही, तरी सांगावं लागतं.

नंतर योग्य मापाचा शंकू घेऊन चाक दांड्यावर मधोमध बसवायचं आणि नट पक्का आवळायचा. ढिलं चाक फिरताना सुटलं तर ते पंधरा-वीस किलोंचं असतं. यंत्राला तीन मापं द्यायची: यंत्रापासून रिमचं अंतर, रिमची रुंदी आणि व्यास. झाकण पाडायचं, बाजूला उभं राहायचं आणि मगच बटण. गळ्यातला गमछा, सैल बाही, मनगटातला दोरा किंवा कडं, हातातली अंगठी, सगळं आधी काढून ठेवायचं. चाक हाताने थांबवायचं नाही, ब्रेक लागून ते आपोआप थांबतं. आकडे आले की वजनं लावायची. चिमटीचं वजन ठोकताना चष्मा हवा, कारण क्लिप उडते. चिकटणारं वजन लावायची जागा आधी पुसून कोरडी करायची. आणि मग पुन्हा एकदा फिरवायचं. दोन्हीकडे शून्य आल्याशिवाय चाक उतरत नाही.

शेवटचं काम यंत्रापासून लांब, गाडीपाशी असतं. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे आणि गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्याने तपासायचे. तोल अचूक आणि नट ढिला, याचा काय उपयोग?

यंत्र खोटं बोलतं तेव्हा

“चाक खोटं बोलत न्हाई, मशीन बोलती,” हे मामांचं दुसरं वाक्य. बुडबुड्याची थाळी चुकली तर ती कललेली दिसे. संगणकी यंत्र चुकलं तरी आकडा तसाच लखलखीत येतो. म्हणून त्याची निगा म्हणजे त्याचा खरेपणा टिकवणं.

यासाठी दोन साध्या परीक्षा आहेत आणि त्या कुणालाही समजतात. पहिली: चाक शून्यावर आणा. मग बाहेरच्या कडेला मुद्दाम 50 ग्रॅमचं वजन लावून फिरवा. यंत्राने बरोबर समोरच्या जागी पन्नासच्या आसपास मागितलं पाहिजे. दुसरी: शून्य आलेलं चाक ढिलं करा, दांड्यावर अर्धा फेरा वळवून पुन्हा आवळा आणि फिरवा. आता एकदम वीस-पंचवीस ग्रॅम दिसले, तर चाक मधोमध बसत नाही. शंकू झिजलाय, दांड्यावर गंज किंवा चिखल आहे, किंवा दांडाच वाकलाय. दांडा वाकतो तो बहुधा त्याला धरून यंत्र उचलल्यामुळे किंवा चाक त्यावर आदळल्यामुळे.

ठरावीक वजन लावून यंत्राला पुन्हा शिकवण्याची क्रिया, म्हणजे कॅलिब्रेशन, प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते. यंत्र हलवलं, विजेचा झटका बसला किंवा या परीक्षांत शंका आली की ती करायची. यंत्राचे पाय पक्क्या फरशीत बोल्टने बसवलेले हवेत. खाली जमीन हलत असेल तर संवेदक तीही थरथर चाकाची म्हणून मोजतो. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत असेल तरी तेच. अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेलं हवं, आपल्या भागातला कमी-जास्त दाब सोसायला स्टॅबिलायझर हवा. साफ करताना आधी वीज बंद. दांडा आणि आट्या कोरड्या ब्रशने पुसायच्या. हवेच्या पाइपने पॅनेलवर फवारा मारायचा नाही, धूळ उडून जात नाही, आत जाऊन बसते. उन्हाळ्यात महामार्गावरची धूळ कशी असते हे इकडच्या माणसाला सांगायला नको, म्हणून संध्याकाळी यंत्रावर कापड.

शिसं

लहानपणी आपण शिसपेन्सिल वापरली. तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. शिसं होतं ते चाकाच्या वजनात. कारणं सरळ होती: स्वस्त, मऊ, रिमच्या वळणाला सहज बसणारं आणि लोखंडाच्या सुमारे दीडपट जड, त्यामुळे तुकडा लहान राहतो. पण शिसं अंगात गेलं की मेंदूवर, रक्तावर, मूत्रपिंडावर परिणाम करतं. लहान मुलांसाठी त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

2000 मध्ये रॉबर्ट रूट या अमेरिकन संशोधकाने आल्बुकर्क शहराच्या रस्त्यांवर पडलेली अशी वजनं मोजून दाखवलं की ती गळून पडतात, गाड्यांखाली चिरडतात आणि त्यांची भुकटी शहरभर पसरते. युरोपीय संघाने 2005 पासून मोटारींच्या चाकांसाठी शिशाची वजनं बंद केली. अमेरिकेतल्या काही राज्यांनीही पुढे तसं केलं. लोखंडाची आणि जस्ताची वजनं आली.

अणदूरच्या त्या डब्यात आज सगळी सरमिसळ आहे. ओळखायचं कसं? लोहचुंबक चिकटला तर लोखंड. नखाने ओरखडा उठला, कागदावर घासल्यावर करडी रेघ उमटली, तर शिसं. म्हणजे खरी शिसपेन्सिल हीच. मामांनी मुलांना दोन नियम घालून दिलेत: भाकरीला हात लावण्याआधी साबणाने धुवायचे आणि जुनी वजनं घरी न्यायची नाहीत. शिसं कमी आचेवर वितळतं, म्हणून ते वितळवून काही ओतायचा मोह होतो. ती वाफ आणि ती राख घरातल्या लेकरांपर्यंत जाते.

दहाच्या अलीकडे

या इतिहासात एक बाजू यंत्राची आहे आणि दुसरी कायद्याची. आपल्याकडे पहिला कारखाना कायदा 1881 चा. तो शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. स्वातंत्र्यानंतरच्या 1948 च्या कायद्याने ही मर्यादा विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी दहावर आणली. फिरत्या यंत्राला संरक्षक कुंपण हवं, हे त्यात स्पष्ट लिहिलं. 1986 च्या बालकामगार कायद्याच्या धोकादायक कामांच्या यादीत पुढे मोटारदुरुस्तीही आली.

पण महामार्गावरच्या गॅरेजात दहा माणसं नसतात. एक उस्ताद, दोन पोरं आणि कधीतरी मदतीला येणारा भाचा. बारावी झालेला किंवा आयटीआय करून आलेला, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याच्यापर्यंत कायद्याचं कुंपण पोचत नाही आणि बहुधा निरीक्षकही येत नाही. डार्मस्टाटहून निघालेला शंभर वर्षांचा विचार त्याच्यापर्यंत एका लोखंडी खोक्यातून पोचला, पण त्या खोक्याचं झाकण तारेने बांधायचं की नाही, हे त्या दिवशी किती गाड्या रांगेत आहेत यावर ठरतं. नवरात्रात तुळजापूरला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते तेव्हा तर प्रत्येक जण घाईत असतो.

रांगेत आपणच असतो. मोबाइल बघत, मधूनच “भाऊ, किती वेळ?” असं विचारत. त्या प्रश्नाने झाकण वर राहतं. म्हणून गॅरेजात गेलात तर तीन गोष्टी करा. झाकण पाडूनच फिरवायला सांगा. वजनं लावल्यावर पुन्हा फिरवून दोन्हीकडचं शून्य दाखवायला सांगा. आणि फुगवटा आलेला टायर मिस्त्री परत देत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. मामांच्या हिशेबाने या सगळ्याला चार चाकांमागे दहा मिनिटं जास्त लागतात. शंभरच्या वेगाने ती दहा मिनिटं म्हणजे सोळा-सतरा किलोमीटर. तेवढं उशिरा पोचलं तरी चालतं.